इंदूरात चर्चला जायला लागायचंय, आणि मग कुणाला तरी सोबत न्यायचंय: मराठी नवख्यांसाठी थोडं कामाचं

हे दोन प्रकारच्या लोकांसाठी लिहितेय. एक म्हणजे ज्यांना येशूबद्दल आतून ओढ वाटायला लागलीय पण पुढे काय करायचं ते कळत नाहीये, आणि दुसरे ज्यांचं चर्चला जाणं सुरू झालंय आणि आता वाटतंय की मैत्रिणीला, भावाला, ऑफिसातल्या कुणाला तरी सांगावं, पण तोंड उघडत नाही. दोन्ही एकाच लेखात टाकतेय कारण शुभवर्तमानात (म्हणजे बायबलातल्या येशूची गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांत) या गोष्टी फार लांब नाहीतच. योहान पहिला अध्याय काढा, ३५व्या वचनापासून. अंद्रिया आणि त्याचा सोबती येशूच्या मागे मागे चालायला लागतात, येशू वळून विचारतो काय शोधताय, ते म्हणतात गुरुजी तुम्ही राहता कुठे, आणि उत्तर येतं, या आणि बघा. बस. ते जातात, तो दिवस त्याच्याजवळ राहतात (योहानाने वेळसुद्धा लिहून ठेवलीय, दहावा तास, म्हणजे आपले दुपारचे चार), आणि मग अंद्रिया उठून आधी आपल्या भावाला, शिमोनाला शोधून आणतो. त्याने कोर्स केला नव्हता, भाषण दिलं नाही, एक दुपार घालवली आणि भावाला घेऊन आला.

आधी स्वतःचं बघा

बोलावणं म्हणजे आकाशातून आवाज येणार, स्वप्न पडणार असं बरेच जण धरून बसतात आणि तसं काही झालं नाही की म्हणतात मला काही बोलावणं नाही बुवा. मार्कच्या पहिल्या अध्यायात शिमोन आणि अंद्रिया जाळं टाकत होते, याकोब आणि योहान जाळी नीट करत होते, मत्तयच्या नवव्या अध्यायात मत्तय जकातीच्या नाक्यावर बसला होता, सगळे आपापल्या कामावर. त्यामुळे तुमचं पलासियाच्या ऑफिसात बसल्या बसल्या झालं काय किंवा सुदामा नगरात कणीक मळताना झालं काय, काही बिघडत नाही. कुणी एक वाक्य ऐकलेलं असतं ते डोक्यातून जात नाही, कुणाच्या आजारपणात कुणीतरी येऊन प्रार्थना केलेली असते, कुणी मिशनच्या शाळेत शिकलेलं असतं आणि तेव्हाची गाणी वीस वर्षांनी परत आठवतात.

आणि मागे जाणं म्हणजे घरदार सोडणंच असं पण नाही हं. मच्छीमारांनी जाळी सोडली हे खरं, पण जक्कय आपल्या घरीच राहिला, फक्त अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करतो म्हणाला (लूक १९). आणि मार्कच्या पाचव्या अध्यायातला तो बरा झालेला माणूस तर मला सोबत घ्या म्हणून विनवत होता, त्याला येशूने सांगितलं तू घरी जा, आपल्या माणसांना सांग प्रभूने तुझ्यासाठी काय केलं. मला विचाराल तर आपल्यासारख्या एकत्र कुटुंबात राहणाऱ्यांसाठी हाच उतारा सगळ्यात महत्त्वाचा आहे, पण त्यावर उपदेश फार कमी ऐकायला मिळतात.

सुरुवातीला वाचायचं काय? मार्क. १६ अध्यायांचं छोटं शुभवर्तमान आहे, रोज एक वाचलंत तर सोळा दिवसांत संपतं. उत्पत्तीपासून सुरू करू नका, लेवीयपर्यंत जाऊन अडकाल आणि मग पुस्तक कपाटात जाईल. मार्क झालं की मत्तय ५ ते ७, डोंगरावरचं प्रवचन. मराठी कवी ना. वा. टिळकांना धरून ठेवलं ते याच अध्यायांनी. ते रेल्वेने राजनांदगावला चालले होते, डब्यात एक अनोळखी गोरा माणूस भेटला, गप्पा झाल्या, आणि उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात ठेवून वाचा म्हणून सांगितलं. टिळकांनी वाचायचं कबूल केलं होतं म्हणून वाचलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) झाला. त्या प्रवाशाने गाडीतच होकार मागितला नव्हता, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रार्थनेचं म्हणाल तर शब्द सुचत नसतील तर मत्तय ६ मधली प्रभूची प्रार्थना घ्या, हे आमच्या स्वर्गातील पित्या वाली, ती हळूहळू म्हणा, आणि मग दिवसभरात जे झालं ते साध्या मराठीत सांगा. ग्रांथिक भाषा बोलायची गरज नाही. आपल्या इंदुरी मराठीत हिंदी मिसळलेली असते, तशीच चालते.

चर्च कुठलं

इंदूरात पर्याय बरेच आहेत. व्हाइट चर्च आणि रेड चर्च ही दोन नावं तर रिक्षावाल्यालाही माहीत असतात, चौकांना आणि रस्त्यांना त्यांचीच नावं पडलीत. व्हाइट चर्च सीएनआयचं, रेड चर्च कॅथलिकांचं. सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७०ला नागपुरात स्थापन झालेलं. इंदूरात प्रोटेस्टंट काम मुख्यतः कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने केलं, ते लोक १८७७मध्ये इथे आले आणि १८८७मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं, त्या कॉलेजात शिकलेले मराठी आजोबा तुमच्या घरात पण निघतील कदाचित. याशिवाय पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत, घरात किंवा हॉलमध्ये भरणाऱ्या छोट्या संगती आहेत.

कुठलं निवडायचं यावर मी भांडणार नाही, पण दोन-तीन गोष्टी बघा. तिथे पवित्र शास्त्र उघडून शिकवतात का. पाळक (चर्चचे धर्मगुरू) प्रश्न विचारू देतात का, की प्रश्न विचारला की विश्वास कमी आहे म्हणतात. पैशांचा हिशोब मंडळीसमोर ठेवतात का. आणि जिथे औषधं बंद करा, डॉक्टरकडे जाऊ नका, फक्त प्रार्थना करा असं सांगतात तिथून सरळ उठून या. लूक स्वतः वैद्य होता, पौलानेच कलस्सैकरांच्या पत्रात तसं लिहिलंय.

भाषेची एक अडचण येणार. इंदूरात उपासना बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्रजीत असते, आणि तुमच्या हातात मराठी बायबल. समोरून सांगतात यूहन्ना निकालिए आणि तुम्ही अनुक्रमणिकेत य शोधत बसता. तर हे पाठ करून ठेवा: मत्ती म्हणजे मत्तय, मरकुस म्हणजे मार्क, लूका म्हणजे लूक, यूहन्ना म्हणजे योहान, प्रेरितों के काम म्हणजे प्रेषितांची कृत्ये, भजन संहिता म्हणजे स्तोत्रसंहिता. अध्याय आणि वचनांचे आकडे साधारण सारखेच असतात, त्यामुळे पुस्तक सापडलं की काम झालं. गाणी हिंदीत असतील, पण घरी मराठी म्हणा की, टिळकांची भजनं आहेत, अभंगाच्या चालीवर बसतात, पेटी असेल तर मग काय बघायलाच नको.

पहिला रविवार

वेळ आदल्या दिवशी बोर्डावर बघून घ्या किंवा फोन करून विचारा, उन्हाळ्यात बदलतात. रविवारी सकाळी इंदूरात आख्खं गाव पोहे-जलेबीच्या गाडीवर असतं आणि चर्चची वेळ नेमकी तीच, तर एकतर आधी खा नाहीतर नंतर खा, पण उपासना अर्धी झाल्यावर पोह्यांवरच्या शेवेचा वास घेऊन आत शिरू नका.

बूट काढायचे का हे दारातच कळेल, काही ठिकाणी काढतात काही ठिकाणी नाही. बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात का तेही जागेवर बघा. मागून तिसऱ्या-चौथ्या बाकावर बसा, म्हणजे लोक उभे कधी राहतात, बसतात कधी ते बघून करता येतं. अगदी पुढे बसलात तर काहीच दिसत नाही आणि तुम्हीच एकटे उभे राहता.

क्रम साधारण असा असतो: गीत, पाप कबूल करायची प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश, सगळ्यांसाठी विनंतीची प्रार्थना, दान, आणि ज्या दिवशी असेल त्या दिवशी प्रभुभोजन. दानाची थैली आली की पाहुण्याने टाकलंच पाहिजे असं अजिबात नाही, पुढे सरकवा, कुणी बघत नाही. प्रभुभोजनाचं मात्र लक्षात ठेवा. बाप्तिस्मा झालेला नसेल तर भाकर आणि द्राक्षारस घेऊ नका, कॅथलिक चर्चमध्ये तर दुसऱ्या चर्चचे लोकही घेत नाहीत, आपल्या जागेवर बसून राहायचं. हा अपमान नाही. आपल्याला प्रसादाला नाही म्हणायची सवय नसते म्हणून तेव्हा फार विचित्र वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवतेय.

पहिल्यांदा काही वाटलं नाही तर? होतं असं. तीन-चार रविवार एकाच ठिकाणी जा आणि मग ठरवा. दर आठवड्याला नवीन चर्च करू नका, त्यात कुणाशीच ओळख होत नाही आणि शिष्य होणं हे एकट्याने करायचं काम नाही.

किंमत मोजा, हे खुद्द येशूनेच सांगितलंय

लूकच्या चौदाव्या अध्यायात तो म्हणतो बुरूज बांधायच्या आधी माणूस बसून खर्चाचा हिशोब करतो की नाही. तर करा हिशोब.

घर. आई-बाबांना कळलं की पहिला प्रश्न येतो, आता नाव बदलणार का, गणपतीत घरी येणार की नाही. नाव-आडनाव बदलायची काही सक्ती नाही. जोशी, पवार, कांबळे, शिंदे अशी आडनावं मराठी ख्रिस्ती मंडळींत भरपूर सापडतील. मराठी बोलणं, पुरणपोळी, नऊवारी, यातलं काहीही सोडायचं नाहीये. रंगपंचमीची गेर बघायला राजवाड्यावर जायचं तर जा. आरती, नैवेद्य, पूजेला बसणं हा प्रश्न मात्र खरा आहे, त्याला पळवाट नाही, त्यावर पाळकांशी बोला, स्वतः प्रार्थना करा, पण जे ठरवाल ते आईला समोर बसून प्रेमाने सांगा, आणि घरच्या देवांबद्दल एक वाकडा शब्द बोलू नका. तुम्ही देवघराची चेष्टा केलीत तर त्यानंतर तुमचं कुणी का ऐकावं? आणि आरती नाही केली तरी पाहुण्यांचा चहा, भांडी, म्हाताऱ्या आत्याबाईंना आणणं-सोडणं ही कामं अंगावर घेता येतात की.

टिळकांच्या घरी काय झालं ते बघा. त्यांचा बाप्तिस्मा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मोठा धक्का होता, दोघं काही वर्षं वेगळी राहिली. मग एकत्र आली, आणि नंतर लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या वेळेने, स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षं सोपी नव्हती. तुमच्या घरी पण वर्षं लागू शकतात, किंवा तसं कधीच होणार नाही, आणि तरीही तुम्ही मुलगा किंवा मुलगी म्हणून राहायचंच आहे.

आता कायदा, कारण आपण मध्य प्रदेशात राहतो. धर्म पाळायचं आणि त्याबद्दल सांगायचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये आहे. त्याचबरोबर इथे २०२१चा मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य कायदा आहे, त्यात बळजबरी, धमकी, फसवणूक, आमिष किंवा लग्नाच्या निमित्ताने धर्म बदलवणं हा गुन्हा आहे, शिक्षा तुरुंगाची आहे. आमिषाची व्याख्या मोठी आहे, भेटवस्तू, पैसे, नोकरी, मिशनच्या शाळेत शिक्षण, चांगल्या आयुष्याचं गाजर, सगळं त्यात येतं. धर्म बदलायचा असेल तर ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याकडे कळवायची तरतूद आहे, विधी करणाऱ्या पाळकालाही कळवायचं असतं, आणि या कलमावरून कोर्टात बरंच चाललेलं आहे, त्यामुळे बाप्तिस्म्याचा विचार पक्का झाला की पाळकांबरोबर एखाद्या वकिलाला भेटून सध्याची स्थिती विचारा. चर्चला जाणं, बसणं, ऐकणं, बायबल वाचणं याला काही अर्ज लागत नाही.

अजून एक, हे लोक कुजबुजत सांगतात म्हणून मी मोठ्याने सांगते. तुम्ही अनुसूचित जातीचे असाल तर १९५०च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही, फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच तो आहे. अनुसूचित जमातीच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. हे न्याय्य आहे का यावर मला बरंच बोलता येईल पण ते इथे नको. माहीत असून निर्णय घ्या, एवढंच, आणि जो कुणी तुम्हाला बाप्तिस्म्याची घाई करतोय पण हे सांगत नाहीये त्याच्यापासून जरा लांब राहा. घाई करायची गरजच नसते. कॅथलिकांकडे मोठ्या माणसाला बरेच महिने शिकवतात आणि बाप्तिस्मा साधारण ईस्टरच्या आदल्या रात्री देतात, सीएनआयमध्येही तयारी करून घेतात, पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये पूर्ण पाण्यात बुडवून देतात आणि कधीकधी लवकर देतात, तिथे तुम्हीच म्हणा, थोडं थांबू या.

आता दुसऱ्याला बोलवायचं

वरचा कायदा वाचून घाबरलात का? घाबरू नका, पण आमिष द्यायचं नाही ही अट शुभवर्तमानाला परकी नाहीच. मार्क १० मधला तो श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून गेला, त्याच्यावर येशूचं प्रेम होतं असं लिहिलंय, आणि तरी त्याने अट कमी केली नाही, मागे धावला नाही. योहान ६ मध्ये पुष्कळ लोक सोडून जातात तेव्हा बारा जणांना तो विचारतो, तुम्हालाही जायचंय का. ज्याच्या नावाने आपण बोलावतो त्याने दार कायम आतून-बाहेरून उघडं ठेवलंय, मग आपण कडी का लावायची?

कुणाला बोलवायचं? यादी करू नका. ज्याच्या घरी तुम्ही तसंही जाता, ज्याच्या आईच्या ऑपरेशनला तुम्ही एमवाय हॉस्पिटलात बसला होतात, त्यालाच. शेजारच्या काकू सात वर्षांत ज्यांच्याशी तुम्ही कचऱ्याच्या गाडीपलीकडे काही बोलला नाहीत त्यांना एकदम पत्रक द्यायला जाऊ नका. संकटात असलेल्या माणसाच्या बाबतीत तर जास्तच जपा. त्याला मदत हवी असेल तर मदत करा आणि गप्प बसा, चर्चचा विषय त्या दिवशी काढूच नका, नाहीतर डब्याच्या बदल्यात येशू असा हिशोब त्याच्या डोक्यात बसतो.

बोलायचं कसं, तर सरळ. 'अगं, मी रविवारी चर्चला जाते हल्ली, तुला कधी बघायचं असेल तर ये माझ्याबरोबर, नाही आलीस तरी काही नाही.' एवढंच. मोठ्यांना, 'काकू, मी जाते तिथे, तुम्हाला कधी यावंसं वाटलं तर सांगा, मी घ्यायला येईन.' मित्राला, 'भिया, रविवारी चल एकदा, बघ काय असतं ते.' फसवून नेऊ नका, म्हणजे संगीताचा कार्यक्रम आहे, वाढदिवस आहे असं सांगून उपासनेत आणून बसवायचं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं, माणूस एकदा असा फसला की परत तुमच्या खऱ्या वाढदिवसालाही येत नाही. अल्पवयीन मुलांना आई-वडिलांना विचारल्याशिवाय नेऊ नका, कितीही ओळखीची असली तरी. आणि नंतर पोहे खाऊ घातले तर ते आमिष होतं का असं एकीने मला विचारलं होतं, अगं इंदूरात पोहे न मागता वैऱ्यालासुद्धा खाऊ घालतात, पण तुझ्या मनात शंका येत असेल तर सोबत आलेलीलाच तिचे पैसे देऊ दे.

समोरचा वाद घालेल. तुमच्या धर्मात असं का, इंग्रजांनी आणलेला धर्म, वगैरे. नथनेलने पण फिलिपाला टोमणा मारलाच होता, नासरेथातून काही चांगलं निघणार आहे का म्हणून, आणि फिलिपाने नासरेथची बाजू मांडत बसण्यापेक्षा येऊन बघ एवढंच म्हटलं. तुम्हाला उत्तर माहीत असेल तर द्या, नसेल तर माहीत नाही म्हणा. व्हॉट्सॲपवर वाद तर कधीच नको, पारिवारिक ग्रुपवर तर नकोच नको.

दिवस कुठला? बरेच जण ख्रिसमसला बोलवतात. मला ते तितकंसं पटत नाही. २५ डिसेंबरला सजावट बघायला अर्धं इंदूर येतं, गर्दीत धड बसायला मिळत नाही आणि माणूस गव्हाणीसोबत सेल्फी काढून परत जातो. गुड फ्रायडेची लांब उपासना, बारा ते तीन, ती नवीन माणसाला जड जाते. साधा रविवार घ्या, ज्या दिवशी काही विशेष नाही. तेव्हा त्याला दिसतं की हे लोक कुणी बघत नसताना कसे असतात.

आला तर दारात भेटा, आत एकट्याला पाठवू नका. शेजारी बसा, पान उघडून द्या, प्रभुभोजन असेल तर आधीच कानात सांगा की आपण बसून राहायचं, आणि तुम्हीही त्याच्यासोबत बसून राहिलात तरी देव रागावणार नाही. पाळकांना आधी सांगून ठेवा की त्याला सगळ्यांसमोर उभं करून ओळख विचारू नका. बाहेर आल्यावर लगेच कसं वाटलं, कसं वाटलं करू नका, गाडीची किल्ली शोधा, ट्रॅफिकबद्दल बोला, त्याला बोलायचं असेल तर तो बोलेल.

नाही म्हणाला तर एकदा विचारून झालंय, पुरे. वर्षभराने त्यानेच विषय काढला तर पुन्हा सांगा. तोपर्यंत मैत्री होती तशीच ठेवा, रविवारी नाही आला म्हणून सोमवारी सराफ्यात खायला जायचं कमी करू नका. आणि आला, आवडलं, तरी त्याचा नंबर मंडळीच्या ग्रुपमध्ये त्याला विचारल्याशिवाय टाकू नका.